जिममधली शाबासकी आणि ताटाची भीती

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यात एका बाजूला एमआयडीसी आहे आणि दुसऱ्या बाजूला वर्षागणिक वाढत गेलेल्या वसाहती. इथल्या मागच्या पिढीचा व्यायाम म्हणजे शेतातले काम, सायकल आणि हौस असेल तर आखाड्यातले जोर-बैठका. आता पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात आणि संध्याकाळी जिममध्ये गर्दी असते. हा बदल चांगलाच आहे. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आणि नैराश्य या सगळ्यांवर व्यायामासारखे स्वस्त औषध नाही. पण या गर्दीत एखादी व्यक्ती अशी असते, जिच्या शिस्तीचे सगळे कौतुक करतात आणि जिचा आजार कोणाच्याच लक्षात येत नाही.

समजा, बावीस वर्षांची एक मुलगी आहे. लग्न ठरल्यावर तिने जिम लावली. चार महिन्यांत अकरा किलो वजन उतरले. एक दिवस खाडा नाही. सकाळी दीड तास, संध्याकाळी पुन्हा एक तास. भिंतीवरच्या फलकावर 'या महिन्याची स्टार' म्हणून तिचे नाव लागले. घरी ती सांगते, जिममध्ये प्रोटीन घेतले, भूक नाही. जिममध्ये सांगते, घरून जेवून आले. तिला तीन महिने पाळी आलेली नाही. पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मैत्रिणीच्या वाढदिवसाला केकचा एक तुकडा खाल्ला, तर त्या रात्री ती खोलीत शंभर उठाबशा काढते.

ही मुलगी काल्पनिक आहे, पण तिच्यासारख्या व्यक्ती खऱ्या आहेत. सरकारी दवाखान्यात त्या येतात तेव्हा अशक्तपणा, चक्कर, ॲसिडिटी, केस गळणे किंवा पाळी न येणे अशी तक्रार घेऊन येतात. 'मला खाण्याची भीती वाटते' असे सहसा कोणी म्हणत नाही. डॉक्टरांपुढे त्या पाच मिनिटे बसतात, जिमच्या ट्रेनरसमोर मात्र रोज एक-दीड तास असतात. म्हणूनच या आजाराची पहिली चाहूल ट्रेनरला लागण्याची शक्यता फार मोठी आहे. आणि त्याच्याच हातून हा आजार नकळत वाढण्याची शक्यताही तितकीच आहे.

आजार कोणता?

ईटिंग डिसऑर्डर म्हणजे खाणे, वजन आणि शरीराचा आकार यांच्याभोवती फिरणारा मानसिक आजार. त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत.

पहिला ॲनोरेक्सिया नर्व्होसा. यात माणूस गरजेपेक्षा खूप कमी खातो, वजन धोकादायक पातळीपर्यंत घसरते, तरी वजन वाढण्याची भीती जात नाही. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी 1873 मध्ये या आजाराला हे नाव दिले. म्हणजे तो मोबाइल आणि इन्स्टाग्रामच्या कितीतरी आधीचा आहे.

दुसरा बुलिमिया नर्व्होसा. यात थोड्या वेळात खूप खाल्ले जाते, आपला ताबा सुटल्यासारखे वाटते, आणि मग ते 'भरून काढण्यासाठी' उलटी केली जाते, जुलाबाच्या गोळ्या घेतल्या जातात, उपवास केला जातो किंवा अतोनात व्यायाम केला जातो. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी 1979 मध्ये याचे वर्णन केले. यात वजन बहुधा सामान्य असते, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही.

तिसरा बिंज ईटिंग. यात खाण्याचे झटके येतात, मागाहून तीव्र अपराधी वाटते, पण उलटी वगैरे केली जात नाही. वजन कमी करायला जिममध्ये येणाऱ्यांपैकी काहींना हाच आजार असतो. त्यांना 'तोंडावर ताबा ठेवा' असे सांगणे म्हणजे दम्याच्या रुग्णाला 'नीट श्वास घ्या' असे सांगण्यासारखे आहे.

यांच्याच जवळचा आणखी एक त्रास जिममध्ये जास्त दिसतो. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये काही बॉडीबिल्डरमध्ये 'उलटा ॲनोरेक्सिया' नोंदवला. पिळदार शरीर असलेल्या तरुणालाही आरशात आपण किरकोळच दिसतो. तो दुखापतीतही व्यायाम सोडत नाही, लग्नकार्यात जेवत नाही, डबा सोबत नेतो, आणि पुढे स्टेरॉइडच्या वाटेला लागू शकतो. हा आजार आज मसल डिसमॉर्फिया या नावाने ओळखला जातो. हे विकार फक्त मुलींचे, हा समज त्यामुळेच चुकीचा आहे.

'आपल्याकडे कुठे असते हे?'

यवतमाळचे नाव घेतले की शेतकरी आत्महत्या आणि कुपोषण आठवते. अशा जिल्ह्यात मुद्दाम उपाशी राहण्याचा आजार कसा असेल, असा प्रश्न कोणालाही पडेल. पण दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी नांदू शकतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण पाचांपैकी एक महिला कमी वजनाची आढळली, आणि जास्त वजनाच्या महिलांचे प्रमाण त्याहून थोडे अधिकच निघाले. ज्या घरात आजीने दुष्काळ पाहिला, त्याच घरात नात पोळी मोजून खाते.

आपल्याकडे हा आजार झाकायला एक सोयीचे पांघरूणही आहे, ते म्हणजे उपवास. मायकेल किंग आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दिनेश भुग्रा यांनी 1989 मध्ये उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य प्रश्नावलीनुसार बऱ्याच मुली आजाराच्या संशयात आल्या. पण काही प्रश्नांचा अर्थच तिथे वेगळा लागत होता. उपास-तापास हा धर्माचा भाग होता, आजाराचा नव्हे. हा धडा दोन्ही बाजूंनी उपयोगी आहे. श्रावणी सोमवार किंवा नवरात्र करणाऱ्या प्रत्येकीवर संशय घ्यायचा नाही. आणि 'माझा उपवास आहे' हे उत्तर ऐकून प्रत्येक वेळी निर्धास्तही व्हायचे नाही.

फरक ओळखायचा कसा? उपवासाला पारणे असते. तो सुटला की माणूस वरण-भात, पुरणपोळी समाधानाने खातो, चारचौघांत बसून खातो. आजाराला पारणे नसते. सोमवार संपला की गुरुवार सुरू होतो, गुरुवार संपला की शनिवार, आणि ज्या दिवशी खाल्ले जाते त्या दिवशी मनाला टोचणी लागते.

उपाशी शरीर, उपाशी मेंदू

हा आजार म्हणजे हट्ट किंवा नखरे नाहीत, हे समजायला एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांना रोज सरासरी सुमारे 1,600 कॅलरी मिळत आणि भरपूर चालावे लागे. त्यांचे वजन साधारण एक चतुर्थांशाने घटले. पण शरीरापेक्षा मनातले बदल जास्त धक्कादायक होते. मनाने खंबीर म्हणून निवडलेली ही माणसे चिडचिडी, उदास, एकलकोंडी झाली. दिवसभर खाण्याचेच विचार येत. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटातले अन्न तासन्‌तास चिवडत बसू लागले.

म्हणजे उपासमार स्वतःच मेंदूला अन्नाच्या विचारात अडकवते. त्या तरुणांना मिळणाऱ्या कॅलरींचा आकडा आज व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कित्येक डाएट चार्टवरच्या आकड्यापेक्षा कमी नव्हता, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

उपाशी शरीर काटकसर करते. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, हातपाय गार पडतात, केस गळतात, पाळी थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. वारंवार उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्यांमुळे रक्तातले पोटॅशियम घटते. पोटॅशियम फार खाली गेले तर हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू येऊ शकतो. प्रसिद्ध अमेरिकन गायिका कॅरन कार्पेंटर यांचा 1983 मध्ये वयाच्या 32 व्या वर्षी हृदय बंद पडून मृत्यू झाला. त्याच्या मुळाशी अनेक वर्षांचा ॲनोरेक्सिया होता. ज्या मानसिक आजारांत मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक असते, त्यांत ॲनोरेक्सियाची गणना होते. त्यातले काही मृत्यू आत्महत्येमुळे होतात.

भरतीच्या मैदानावर हे वेगळ्या रूपात दिसते. मुलींना 800 मीटर आणि मुलांना 1,600 मीटर धावायचे असते. 'हलके झालो तर वेळ सुधारेल' म्हणून जेवण कमी केले जाते आणि सराव वाढवला जातो. खर्चाच्या मानाने शरीराला इंधन कमी पडले की आधी पाळी अनियमित होते, मग नडगीच्या हाडाला बारीक तडे जातात, दम वाढण्याऐवजी घटतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 पासून याला वेगळे नाव देऊन प्रशिक्षकांना सावध केले आहे. इथे पाळी बंद होणे म्हणजे 'मेहनत चांगली चालली' असे नाही, तो धोक्याचा इशारा आहे.

ट्रेनरला काय दिसू शकते?

एखादे लक्षण दिसले म्हणजे आजारच आहे, असे नाही. पण खालीलपैकी दोन-चार गोष्टी एकत्र दिसू लागल्या तर लक्ष द्यायला हवे.

– वजन भराभर उतरते आहे, तरी 'अजून पोट आहे' हे पालुपद सुटत नाही.
– दिवसातून दोनदा व्यायाम. ताप असो, लचक असो, सुट्टी नाही. जिम बंद असली की अस्वस्थता किंवा चिडचिड.
– 'काल पार्टीत जेवलो, आज दोन तास ट्रेडमिल' अशी शिक्षेची भाषा.
– दिवसातून अनेकदा वजनकाट्यावर चढणे, किंवा काट्याची भीती.
– उन्हाळ्यातही सैल, अंगभर कपडे. सतत थंडी वाजणे.
– चक्कर, क्रॅम्प, धाप. पूर्वी सहज उचलले जाणारे वजन आता न उचलणे.
– बोटांच्या सांध्यांवर दातांचे व्रण, गालांखाली सूज, दातांची झीज – वारंवार उलटी केल्याच्या खुणा.
– फॅट बर्नर, पाणी उतरवण्याच्या गोळ्या किंवा जुलाबाच्या औषधांची वारंवार चौकशी.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे नाडी. मुरलेल्या धावपटूची नाडी मंद असते, तशीच उपाशी शरीराचीही असते. 'नाडी 46 आहे, काय स्टॅमिना आहे!' असे म्हणण्याआधी तो माणूस नीट जेवतो का, पाळी वेळेवर येते का, चक्कर येते का, हे पाहायला हवे.

आणखी एक फसगत म्हणजे बारीक दिसला तरच आजार, हा समज. शंभर किलोचा माणूस तीन महिन्यांत उपाशी राहून सत्तरवर आला, तर तो दिसायला 'फिट' दिसेल, पण त्याच्या हृदयाला तितकाच धोका असू शकतो.

लंडनच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये पाच साध्या प्रश्नांची एक यादी तयार केली, ती आजही जगभर वापरली जाते. पोट फार भरल्यासारखे वाटले म्हणून तुम्ही मुद्दाम उलटी करता का? किती खातो यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोहून जास्त वजन घटले आहे का? इतर बारीक म्हणत असताना तुम्ही स्वतःला जाड समजता का? आयुष्य अन्नाभोवतीच फिरते आहे असे वाटते का? दोन किंवा अधिक उत्तरे 'हो' असतील तर डॉक्टरांना दाखवावे. ही यादी निदान करत नाही, फक्त दार ठोठावते. ट्रेनरने ती फॉर्मसारखी भरून घेऊ नये. ज्याला स्वतःबद्दल शंका आहे, त्याने ती स्वतःशी वाचावी.

बोलायचे कसे?

सगळ्यांसमोर, आरशापुढे किंवा वजनकाट्याजवळ हा विषय काढू नये. गर्दी ओसरल्यावर, बाजूला बसून, शांतपणे बोलावे. मुलगी असेल तर शक्यतो महिला ट्रेनरने बोलावे. वजनावर किंवा दिसण्यावर बोलू नये. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे.

"ताई, दोन-तीन आठवड्यांपासून बघतोय, तुम्ही दोन्ही वेळा येता आणि परवा तुम्हाला चक्करही आली. मला तुमच्या तब्येतीची काळजी वाटते. सगळं ठीक चाललंय ना?"

किंवा तरुण मुलगा असेल तर, "भाऊ, खांदा दुखतो म्हणतोस तरी एक दिवस सुट्टी घेत नाहीस. जेवणखाण, झोप कशी आहे? मनावर काही ताण आहे का?"

एवढे बोलून थांबावे आणि ऐकावे. पहिल्या वेळी बहुतेक जण 'काही नाही, सर' म्हणतात. तेव्हा वाद घालू नये, पुरावे मांडू नयेत. "ठीक आहे. कधीही बोलावंसं वाटलं तर सांगा. पण चक्कर येतेय तोवर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मी जड व्यायाम देणार नाही," एवढे प्रेमाने आणि ठामपणे सांगावे. हा आजार लाजेवर जगतो. कोणीतरी न हसता, न रागावता विचारले, ही गोष्ट मनात राहते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी माणूस बोलू लागतो.

'किती बारीक झालीस!', 'जरा खात जा', 'आता छान दिसतेस', 'लोकांना खायला मिळत नाही आणि तू...' ही वाक्ये टाळावीत. कौतुक असो की टोमणा, दोन्हींमुळे लक्ष पुन्हा वजनावरच जाते.

ऐकलेले पोटात ठेवावे. सज्ञान ग्राहकाची गोष्ट जिमच्या ग्रुपवर, त्याच्या मित्रांना किंवा होणाऱ्या सासरी जाऊ नये. ग्राहक अठराच्या आतला असेल तर त्याला आधी सांगून आईवडिलांना विश्वासात घ्यावे. जिवाला धोका दिसत असेल, तर मात्र गुप्ततेपेक्षा जीव मोठा.

ट्रेनरची मर्यादा

ट्रेनरने निदान करायचे नाही आणि उपचारही करायचे नाहीत. तरीही त्याच्या हातात पुष्कळ असते.

डाएट चार्ट देऊ नये, हे पहिले. उलट दिशेचाही नाही. फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातले फॉस्फेट झपाट्याने घसरते, हृदय आणि श्वास दोन्ही बंद पडू शकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या उपाशी युद्धकैद्यांमध्ये हे प्रकर्षाने दिसले. 'उद्यापासून सहा अंडी, दोन स्कूप प्रोटीन' हा सल्ला म्हणूनच घातक ठरू शकतो. प्रोटीन पावडरबद्दल बोलायचे तर, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये दिलेल्या आहारसूत्रांत शरीर कमावण्यासाठी अशी पूरके टाळा, असेच सांगितले आहे.

दुसरे, व्यायाम थांबवायचा कधी, हे आधीच ठरवून ठेवावे. भोवळ येऊन पडणे, छातीत दुखणे किंवा धडधड, जागेपणी आणि बसलेल्या स्थितीत नाडी मिनिटाला 50 च्या खाली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, रोजच्या उलट्या, उलटीत रक्त, दोन-तीन दिवस जवळपास काही न खाणे – यातले काहीही असेल तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखले तर 108 ला फोन करावा.

तिसरे, जिमची पद्धत बदलावी. सगळ्यांसमोर वजन करून फलकावर मांडणे, 'एका महिन्यात जास्तीत जास्त किलो' अशा स्पर्धा, आधी-नंतरचे फोटो, दिवाळी झाली की 'फराळ जाळा' अशा ऑफर यांनी बहुतेकांचे काही बिघडत नाही. पण ज्याच्या मनात आजार दबा धरून बसलेला आहे, त्याला ही आयती ठिणगी मिळते. किलोऐवजी दुसरे काही मोजता येते: किती जोर मारता येतात, जिना चढताना दम लागतो का, झोप कशी येते, कंबरदुखी कमी झाली का.

नियम बदलले की जीव वाचतात, याचे उदाहरण कुस्तीत आहे. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीचे तीन खेळाडू वजन उतरवताना मरण पावले. उपाशीपोटी, पाणी तोडून, घाम काढणारे कपडे घालून ते तापलेल्या खोलीत व्यायाम करत होते. त्यानंतर तिथे असे कपडे आणि सॉना यांवर बंदी आली आणि वजन घेण्याची वेळ लढतीच्या जवळ आणली गेली. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीआधी विनेश फोगाट 100 ग्रॅमनी अपात्र ठरली, तेव्हा रात्रभर वजन उतरवणे म्हणजे काय, हे साऱ्या देशाने ऐकले. खेळाडूचे वजन उतरवणे म्हणजे ईटिंग डिसऑर्डर नव्हे. तिथे डॉक्टरांचे पथक हजर असते. पण तीच 'पाणी कट'ची पद्धत गावच्या बॉडीबिल्डिंग स्पर्धेसाठी एखादा पोरगा मोबाइलवर बघून करतो, तेव्हा त्याच्या मागे कोणीच नसते.

ट्रेनरने स्वतःकडेही पाहावे. शरीर हीच ज्याची पाटी आहे, त्यालाही हा आजार होतो. 'कटिंग' आणि 'बल्किंग'च्या चक्रात खाण्याची भीती बसलेले ट्रेनर कमी नाहीत. त्यांनाही मदतीचा तितकाच हक्क आहे.

दवाखान्यात काय होते?

'मेंटल डॉक्टरकडे जा' या शब्दांनी माणूस दुरावतो. त्यापेक्षा 'आधी नाडी, रक्तदाब, ईसीजी बघून घेऊ' असे म्हणावे. लोहाऱ्याच्या रहिवाशांना यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय जवळ आहे. तिथे औषधवैद्यक आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. सुरुवातीला पोटॅशियम, फॉस्फेट, साखर, हिमोग्लोबिन, ईसीजी अशा तपासण्या होतात. रिपोर्ट 'नॉर्मल' आले म्हणजे आजार नाही, असे मात्र नव्हे. शरीर बराच काळ निभावून नेते. म्हणून डॉक्टरांना खाण्याबद्दल, उलट्यांबद्दल, व्यायामाच्या तासांबद्दल खरे सांगावे. ट्रेनरने ग्राहकाच्या परवानगीने दोन ओळींची चिठ्ठी दिली तर निदान लवकर होते.

उपचारात औषधांपेक्षा समुपदेशनाचा वाटा मोठा असतो. मोठ्यांमध्ये विचार आणि वागणूक बदलणारी विशिष्ट मानसोपचार पद्धती उपयोगी पडते. किशोरवयीन मुलांमध्ये आईवडिलांना उपचाराच्या केंद्रस्थानी आणणारी पद्धत परिणामकारक ठरली आहे. घरच्यांनी ताटाशी शांतपणे बसणे हाच तिथे उपचार असतो. महिने लागतात, कधी वर्षे, पण पुष्कळ जण पूर्ण बरे होतात. जितके लवकर सुरू होईल तितके चांगले. दवाखान्यात जायचे धाडस होत नसेल तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, मोफत बोलता येते. जगणे नकोसे वाटते असे कोणी म्हणाले तर त्याला एकटे सोडू नये, लगेच हा क्रमांक लावावा किंवा रुग्णालय गाठावे.

परत येताना

ट्रेनरची खरी परीक्षा इथे असते. अडचणीचा ग्राहक नको म्हणून फी परत करून त्याला बाहेर काढणे सोपे आहे. पण आजारी माणसाचा एक धागा जिमशी जोडलेला असतो. तो तुटला तर तो दुसऱ्या जिममध्ये जातो, जिथे त्याला कोणी ओळखत नाही, आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. महिन्याच्या फीपेक्षा हे नुकसान मोठे आहे. म्हणून दार उघडे ठेवावे आणि अट एकच घालावी: डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, डॉक्टर सांगतील तेवढाच व्यायाम.

देखरेखीखालचा व्यायाम उपचाराचा भाग होऊ शकतो. सुरुवात हलक्या योगासनांनी, ताणण्याच्या व्यायामांनी, मग हळूहळू ताकदीच्या व्यायामाने करावी. ट्रेडमिलवरचा कॅलरीचा आकडा झाकावा. वजनकाटा दवाखान्यातच राहू द्यावा. आठवड्यात दोन दिवस सुट्टी सक्तीची. व्यायामाआधी आणि नंतर काही खाल्ले आहे का, हे सहज विचारावे. न खाल्ल्यास त्या दिवशी न रागावता सुट्टी. कधी पाऊल मागे पडले तर त्याला शिस्तभंग समजू नये, डॉक्टरांना कळवावे.

विदर्भाला व्यायामशाळेची परंपरा आहे. शेजारच्या अमरावतीत 1914 मध्ये सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने पिढ्यान्‌पिढ्या तरुण घडवले. अशा आखाड्यांत वस्ताद पोराच्या दंडाबरोबर त्याच्या खुराकाकडेही बघत असे, आणि पोरगा दोन दिवस मलूल दिसला तर घरी निरोप जात असे. आजच्या ट्रेनरने घ्यायचे ते त्या वस्तादाचे लक्ष. त्यासाठी पदवी लागत नाही. भिंतीवरचा किलोचा फलक काढून तिथे 14416 हा क्रमांक लावायला तर पाच मिनिटेही लागत नाहीत.